गोळ्यांचाही हिशोब धरा की
कुष्ठरोग झालेल्यांना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे (पेशींना इजा करणारा रासायनिक ताण) हार्टचा धोका असतो, असं म्हणतात ते पटतं, पण सगळं जंतूंवर ढकलू नका. एमडीटीच्या (कुष्ठरोगावरची दोन-तीन औषधं एकत्र देतात ती) पाकिटातली डॅप्सोनची गोळी स्वतःच तांबड्या पेशींवर तसलाच ताण टाकते, जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना या ताणापासून वाचवणारं एन्झाइम) कमी असेल तर पेशी फुटून हिमोग्लोबिन पार उतरतं, मग हार्टला जास्त राबावं लागतं.

आमचे मामा इथं सोलापुरात पॉवरलूमवर चादरी विणायचे, त्यांचा एमडीटीचा १२ महिन्यांचा कोर्स संपला न् रिअ‍ॅक्शन (प्रतिकारशक्ती उसळून कातडी-नसा सुजतात ती) आली, प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड, पण यानं चेहरा फुगतो न् बीपी-शुगर वाढू शकते) सुरू झालं, गाल असे गुबगुबीत की घरचे म्हणायचे मामा सुधारले! बीपी-शुगर कुणी बघितलीच नाही (आम्हीपण नाही), तळव्याला जखम म्हणून चालणंही बंद, शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा शुगर २८० निघाली.