लेकरायले नाताळ म्हणजे फक्त सांता वाटून रायला, तुमच्याकडे काय करता?

दर्यापूरकडचा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून अकरा. नाताळ येते ऐन कापूस वेचणीत, बाया दिवसभर वावरात, तरी रात्री जागून करंज्या, अनारसे, चिवडा होतेच, घरावर चांदणीही लागते. पण मागच्या रविवारी संडे स्कूलमधे इचारलं नाताळ म्हणजे काय, तर बहुतेक पोट्टे म्हणे सांता येते अन् चॉकलेट देते. मले लई लागलं ते. त्यात तरुणायले डीजे पाहिजे, बुजुर्ग म्हणतात फक्त उपासना. लेकरायले कसं समजवावं?

वाशीमची ताई:
दादा, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, नाताळ २५ तारखेला सुरू होत नाही, त्याआधीचे चार रविवार आगमनकाळ पाळतो, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवतो आणि बायबलमधल्या मीखा, यशया या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं वाचन लेकरंच करतात, म्हणजे वाट पाहणं काय असते ते त्यांना कळते. सांताचा राग नका करू. मूळचा संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, गरिबाला गुपचूप मदत करणारा म्हणून त्याची आठवण राहिली. हे सांगितल्यावर आमच्या लेकरांनी घरून ओंजळ ओंजळ तूर आणली आणि ज्याचं पीक गेलं त्याच्या घरी नेऊन दिली.

जागलवाला:
भाऊ, बायबलात लूकच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय हाय, येशूच्या जन्माचा, तो वावरात वाचा. मी मागच्या २४ ले पोराले जागलीवर नेलं, हरभऱ्यात रानडुकरं अन् रोही येतात म्हणून रात्रभर बसा लागते, थंडी अशी का शेकोटी सोडवत नाई. तिथंच बॅटरीच्या उजेडात वाचलं, का मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते अन् दूतानं त्यायले येऊन सांगितलं, बाळ गव्हाणीत ठेवलेलं सापडन. पोरगं जरा वेळ गप्प, मंग म्हणे, बाबा, म्हणजे देवानं पहिले जागलवाल्यायलेच सांगतलं? मले बोलताच आलं नाई.
गव्हाणीचा देखावाही गोठ्यातच करा. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी असंच केलं होतं, खरी गव्हाण, खरं गवत, बैल अन् गाढव. आम्ही आधी झाडावर कापूस लावून बर्फ दाखवत होतो, आता तोच घरचा कापूस कुटारावर बाळाखाली अंथरतो. शहरातल्या पोट्ट्यायले गव्हाण समजवा लागते, आपल्या लेकरायनं रोज तिच्यात वैरण टाकली हाय.

शेजारी गावचा:
मी ख्रिस्ती नाही, पण लहानपणापासून शेजारच्या काकूंकडून नाताळचं फराळाचं ताट येते, दिवाळीत आमच्याकडून जाते. गोठ्यात कार्यक्रम ठेवला तर आम्ही येऊ शकतो का?

दर्यापूरकडचा:
या ना भाऊ, सहकुटुंब या. डीजेवाल्या पोरायशी आत्ताच बोललो, ढोलक अन् टाळावर घरोघरी भजनं म्हणत शेवटी गोठ्यात यायचं ठरलं. बैल आमचाच हाय. २४ ले संध्याकाळी वेचणीहून बाया आल्या का सुरू करतो.