मदत हवी आहे: संकुलाच्या पार्किंगमधले खड्डे बुजवायचेत. कोल्ड मिक्स, कार्पेट की पेव्हर ब्लॉक?

गाळा क्रमांक ७

नमस्कार मंडळी. चिंचवडला आमचं व्यापारी संकुल आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं, एक बँक. समोरचं डांबरी पार्किंग साधारण १४,००० चौरस फूट भरेल. बिल्डरने करून दिलं तेव्हापासून त्याला हात लागलेला नाही आणि यंदाच्या पावसाने पार वाट लावली. गाळेधारकांनी दुरुस्तीचं काम माझ्या गळ्यात घातलंय. माझं दुकान स्टेशनरीचं, डांबरातलं मला ओ की ठो कळत नाही.

हालत अशी: गेटजवळ ३०० एक चौरस फुटांचा पट्टा पूर्ण फुटलाय, मोठ्या पावसानंतर तिथे दोन दिवस पाणी असतं. माल उतरवायला टेम्पो थांबतात तिथलं डांबर मऊ पडलंय, पायाने उकरलं तरी खडी सुटते. मध्यभागी जाळीदार भेगा, आणि गणपतीच्या मांडवाचे खांब रोवायला पाडलेली भोकं तशीच आहेत.

तीन कोटेशनं आली. एक म्हणतो कोल्ड मिक्सच्या (न तापवता टाकायचं तयार डांबर-खडीचं मिश्रण) पिशव्या टाकू, एका दिवसात काम. दुसरा म्हणतो सगळ्यावर २५ एमएम कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा नवा थर, मारू. तिसऱ्याला सगळं उखडून पेव्हर ब्लॉक बसवायचेत. दरांत जमीन-अस्मानाचा फरक. दिवाळीच्या गर्दीआधी व्हायला हवं. काय करावं?

रोलरमागे

सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे. तिघेही तुम्हाला आपापल्याकडचा माल विकतायत. तुमच्याकडे चार वेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध चालणार नाही.

गेटपासून सुरू करा. तिथला फुटका भाग फूटभर खोल खणून बघा. खाली मुरूम-खडी घट्ट लागली तर बरं. चिखल लागला, किंवा काळी माती वर आलेली दिसली, तर वरून सोनं ओतलंत तरी पुढच्या जुलैत तिथेच खड्डा. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत हलतं. ती काढून मुरूम आणि खडी थरांनी भरून दाबावी लागेल.

मग पाणी. दोन दिवस पाणी साचतं म्हणजे उतारच नाही. मीटरला दोन सेंटीमीटर उतार गटाराकडे हवा. पाऊस गेला असेल तर टँकर मागवा, पाणी सोडा आणि जिथे तुंबेल तिथे खडूने रेघ मारा. ती आखणी कंत्राटदाराच्या हातात द्या.

कार्पेटवाल्याला एक प्रश्न विचारा: सगळीकडे २५ एमएम चढवल्यावर दुकानांचे उंबरे, शटर आणि चेंबरची झाकणं यांचं काय? पार्किंग एक इंच वर आलं की पुढच्या पावसाचं पाणी तुमच्या स्टेशनरीत. शिवाय खालच्या भेगा नव्या थरातून परत वर येतात.

कोल्डमिक्सवाला

मी हाच माल विकतो, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या. कोल्ड मिक्स टाकाऊ नाही. आयआरसीने (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानकही काढलंय, आयआरसी ११६. पावसाळ्यात हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचं मिश्रण) बनवणारे प्लांट बंद असताना रस्ता चालू ठेवायला त्याचा उपयोग. मुंबई महापालिका वरळीच्या प्लांटमध्ये स्वतःच बनवायची. पण खोल खड्ड्यात एकदम ओतलं तर आतून ओलंच राहतं, कारण त्यातला द्रव उडून गेल्याशिवाय ते घट्ट होत नाही. आणि पार्किंगमध्ये गाडी जागच्या जागी उभी असताना लोक स्टिअरिंग फिरवतात. त्या पिळाने ताजं कोल्ड मिक्स सरकतं.

तुमच्या गेटच्या ३०० फुटांना ८० एमएम जाडी धरली तर पाच टनांच्या आसपास माल. २५ किलोच्या दोनशे पिशव्या. मलाच विकायला आवडेल, पण तिथे हॉटमिक्सच करा. मांडवाच्या भोकांना मात्र बिनधास्त वापरा.

पेठकर

धाग्यावर पुण्याजवळचा रस्ता आला आणि जंगली महाराज रस्ता अजून आला नाही? पुण्याचा तो न फुटणारा म्हणून गाजलेला रस्ता: १९७६, रेकॉन्डो कंपनीचं काम, दहा वर्षांची हमी. झालं, हजेरी लावली.

रोलरमागे

@पेठकर, यायचाच होता. त्यातली हमी तरी घ्या. कंत्राटात एक पूर्ण पावसाळा धरून हमी लिहून घ्या आणि बिलातले दहा टक्के तोवर हातात ठेवा. आता प्रत्यक्ष काम.

खड्डा गोल ठेवू नका. कटरने चौकोन किंवा आयत कापा, कडा सरळ उभ्या. कापताना फुटक्या भागाच्या बाहेर चांगल्या डांबरात अर्धा फूट तरी जा. आतला भुगा आणि धूळ पूर्ण काढा. खालीच नाही, उभ्या कडांनाही टॅक कोट (नवा माल जुन्याला चिकटवणारा डांबराचा पातळ लेप) लागतो. त्यासाठीचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, लावलं की तपकिरी दिसतं. ते काळं होईपर्यंत वर माल टाकू द्यायचा नाही. इथे सगळे घाई करतात. आणि जास्त चोपडलं म्हणजे जास्त चिकटेल असंही नाही, थर घसरतो.

माल आला की ताडपत्री काढल्याबरोबर तापमान बघा. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको, आणि ९० च्या आत उतरायच्या आधी रोलिंग संपायला हवं. निळसर धूर निघत असेल तर डांबर करपलंय, ढेकळं दिसली तर थंड झालंय. दोन्ही परत पाठवा. ८० एमएम एका दमात भरू नका, दोन थर करा. पोकळ माल दाबल्यावर पाव तरी बसतो, म्हणून आधी तेवढा चढता ठेवायचा. बेबी रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर हवाच. नुसत्या हाताच्या धुमसाने ठोकलेलं पॅच पहिल्या टेम्पोलाच बसतं.

गाळा क्रमांक ७

@रोलरमागे, आज गेटजवळ खणलं. वीतभर मुरूम आणि खाली काळीभोर चिकट माती. बिल्डरला काय बोलायचं ते मनात बोलून झालं. दोन शंका. पाच टनांसाठी प्लांटवाला माल देईल का? आणि टेम्पोच्या जागेचं काय?

क्रशरकाठी

पाच टनांसाठी कुणी प्लांट पेटवत नाही. पण एखाद्या मोठ्या कामासाठी प्लांट चालू असेल त्या दिवशी त्यातलाच छोट्या गाडीभर माल मिळतो. मात्र काम त्यांच्या सोयीने धरावं लागतं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्धे प्लांट बंदच असतात. आत्ताच फोन करून नंबर लावा. पैसे टनावर ठरवा आणि प्रत्येक गाडीची काट्याची पावती घ्या. कापण्याचा आणि खोदाईचा दर वेगळा, चौरस मीटरवर. जाडी लिहिताना 'दाबल्यानंतरची' हा शब्द घाला. नाहीतर ५० एमएम पोकळ टाकतात आणि हातात ४० येते.

रोलरमागे

टेम्पोच्या जागी डिझेल आणि ऑइल ठिबकतं. डांबर हे पेट्रोलियमचंच, त्यात ते विरघळतं. तिथे पुन्हा डांबर घातलं तर पुन्हा तेच. तिसऱ्या कोटेशनवाल्याला तेवढीच जागा द्या: ८० एमएमचे एम-४० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पेव्हर ब्लॉक, खाली दाबलेली खडी, आणि कडेने काँक्रीटची किनार. किनार नसेल तर ब्लॉक सहा महिन्यांत पसरतात. ऑइल मुरलेलं डांबर मात्र सगळं काढायचं.

मधल्या जाळीदार भेगांच्या जागी चालताना जमीन हलत नसेल तर यंदा राहू द्या. मोठ्या भेगा साफ करून इमल्शन आणि कच भरा म्हणजे पाणी आत जाणार नाही. सगळ्याचं एकदम करायचं खूळ डोक्यातून काढा.

दुचाकीस्वार

एक राहिलं. नव्या डांबरावर पहिल्या दिवशी गाडी लावू देऊ नका, आणि दुचाक्या तर आठवडाभर दुसरीकडे. आमच्या सोसायटीत उन्हात स्कूटरच्या स्टँडनी नव्या पॅचवर शंभर भोकं पाडली.

गाळा क्रमांक ७

सगळ्यांचे आभार. गाळेधारकांपुढे असं मांडतोय: गेटवर काळी माती काढून, मुरूम-खडी भरून, दोन थर हॉटमिक्स. टेम्पोची जागा ब्लॉक. भोकांना कोल्ड मिक्स, भेगांना इमल्शन. प्लांटवाल्याने दसऱ्यानंतरची तारीख दिलीय. आमचा खजिनदार म्हणतो, हे करून पुढच्या गणपतीत मंडळ पुन्हा पहार चालवणारच. त्यावर काही उपाय?

मांडववाले

आहे. खांबांच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे आत्ताच काँक्रीटमध्ये लोखंडी पाइपचे तुकडे उभे गाडून घ्या, तोंड जमिनीच्या पातळीला, वर आट्यांचं झाकण. खांब त्यात उभे राहतात. पाइप खांबापेक्षा थोडा मोठा घ्या आणि मंडळाच्या मांडववाल्याला विचारूनच माप ठरवा, तो बांबू वापरतो की पाइप त्यावर सगळं आहे.