वाटी सरकते ती कुणाच्या बोटांनी?
प्लँचेट म्हणजे अक्षरांच्या तक्त्यावर वाटी ठेवून, तिच्यावर सगळ्यांनी बोटं टेकवून आत्म्याला प्रश्न विचारणं. गिरगावच्या चाळीत ते करताना कुणी ढकलत नसतानाही वाटी सरकली, म्हणजे आत्मा आलाच, असं एकाने सांगितलं. मुद्दाम ढकललं नाही, हे मला पूर्ण पटतं. बसलेली माणसं खोटं बोलत नसतात. पण बोटं नकळत हलतात. १८५३ साली इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने, आत्मा टेबल फिरवतो असं मानून टेबलावर हात ठेवून बसलेल्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले, मधे मऊ चिकट लुकण. आधी हात सरकले, मग टेबल! हातांची हालचाल दाखवणारा काटा समोर ठेवल्यावर तर टेबल हलेचना.

मात्र 'सगळं थोतांड' म्हणून विषय संपवणंही मला पटत नाही. २०१२ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. ज्या प्रश्नांची उत्तरं लोकांना फक्त अंदाजाने द्यावी लागत होती, त्यांत नेहमीसारखी दिलेली उत्तरं साधारण निम्मी बरोबर आली, प्लँचेटसारख्या बोर्डावर सुमारे ६५ टक्के. म्हणजे आपल्यालाच ठाऊक नसलेलं आपलं ज्ञान बोटांतून उतरत असावं. मला आत्म्यापेक्षा हे जास्त विलक्षण वाटतं.

करून बघायचंच असेल तर सगळ्यांचे डोळे बांधा आणि तक्ता गुपचूप फिरवा; वाटी अक्षरांच्या जुन्या जागा शोधत जाईल. फक्त घरातलं माणूस नुकतंच गेलंय अशा कुणाला कृपया बसवू नका. वाटीचं एखादं उत्तर त्याला वर्षानुवर्षं छळू शकतं.