गजन पिनीची क्लिप, तिची खाच आणि आणखी एक खाच

तेलकट बाही
घरी यामाहा आरएक्स १०० चं हाफ इंजिन, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, कामाला काढलंय. भाचा हाताशी आहे; त्याचं इंग्रजी कच्चं, पाना पक्का. त्याच्यासाठी मॅन्युअलमधल्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीला चिकटवतोय. पिस्टनच्या पिनीला, म्हणजे गजन पिनीला, दोन्ही बाजूंनी तारेच्या गोल क्लिपा असतात, तिथे अडलो. मी लिहिलं होतं, 'नवी क्लिप खाचेत बसवा. क्लिपची फट पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.' भाचा म्हणाला, "मामा, खाचेत बसवायची पण खाचेसमोर येऊ द्यायची नाही, म्हणजे कसं?"

बरोबर आहे त्याचं. पहिली खाच पिनीच्या भोकात आतून गोल फिरते. दुसरी कडेला असते, क्लिप काढताना टोच्याचं टोक घालायला. तिसरी रिकामी जागा क्लिपची स्वतःची, तिच्या दोन टोकांमधली फट. तीन जागांना तीन शब्द हवेत. सुचवा.

उद्यमनगर
आमच्या कोल्हापुरात क्लिप-बिप कोण म्हणत न्हाई. लॉक. 'गजन पिनचं लॉक मारलं का?' संपला विषय. आजोबा शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, तेबी लॉकच म्हणायचे. आणि गजन हा अस्सल आपला शब्द बरं का. लोखंडी गजाचा तुकडा, तो गजन.

अर्धा कप
गजाचा काडीचा संबंध नाही. शब्द इंग्रजी, त्यामागे फ्रेंच 'गुजाँ', म्हणजे खुंटी. अमेरिकेत याच पिनीला रिस्ट पिन म्हणतात. आपण ब्रिटिशांचा शब्द उचलला. गंमत म्हणजे जहाजाच्या सुकाणूची खुंटी ज्या कड्यात फिरते, त्या कड्यालाही इंग्रजीत गजनच म्हणतात. एकीकडे खुंटी, दुसरीकडे खुंटीचं घर.

उद्यमनगर
फ्रेंचांनी गज कुठनं नेला ते बघा आधी.

निर्मळ मराठी
इतकी चर्चा झाली, पण 'पिस्टन' कुणालाच खटकला नाही. शाळेच्या पुस्तकात आपण सगळे 'दट्ट्या' शिकलो. मग पिन म्हणजे दट्ट्याकील आणि क्लिप म्हणजे कीलरोधक कडी. अवघड काय आहे? 'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी दिले, आज ते कुणाला खुपतात का? वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा?

वऱ्हाडी पाना
दट्ट्या म्हटलं का मले सायकलचा पंपच आठवते. स्पेअरच्या दुकानात जाऊन कीलरोधक कडी मागून पाहा बाप्पा, तो तुमाले पूजेच्या सामानाच्या दुकानात धाडन. इकडे 'सरकलीप' म्हणतेत. आमचा उस्ताद सांगे, सरकते म्हणून सरकलीप.

अर्धा कप
अहो, सर्कल अधिक क्लिप. आणि पिन सरकू नये म्हणून तर ती असते!

वऱ्हाडी पाना
असन. पण माह्या राजदूतमंधी सरकली ना. चार पैसे वाचवाले गेलो न् जुनीच लॉक परत लावली. महिन्याभरात निघाली, पिन बाजूले सरकली न् पिस्टन ज्यात फिरते त्या बोअरमंधी नाली पाडली. पन्नासचं बोअर मारा लागलं, म्हणजे बोअर कोरून मोठं करा लागलं, पिस्टन नवं घ्या लागलं ते वेगळंच. तवापासून उस्तादाची व्युत्पत्ती मले पटते.

उद्यमनगर
'जुनीच लॉक'? ते लॉक हो. दाराचं लॉक ते, गाडीचं लॉक ते, आणि पिस्टनमधी गेलं की ती?

वऱ्हाडी पाना
क्लिप ती, म्हणून लॉकबी ती. तुमी कोल्हापूरवाल्यानं लिंग शिकवाचं म्हणजे आता झालंच.

कणीस
मी स्टुटगार्टला असते. इथे चपट्या सर्क्लिपला कारखान्यात सगळे 'झेगररिंग' म्हणतात. झेगर हे मूळ कंपनीचं नाव. कागदोपत्री मात्र 'झिशरुंग्सरिंग', म्हणजे निर्मळजींच्या चालीवर सुरक्षाकडी. तारेची असेल तर 'श्प्रेंगरिंग'. दोन्ही शब्द सुखाने नांदतात, एक तोंडात आणि एक नकाशावर. शिवाय पिस्टनला इथे जो शब्द आहे, 'कोल्बन', तोच मक्याच्या कणसाला. माझं इथलं नाव त्यावरूनच.

मूळ प्रश्नाबद्दल: गोल फिरते ती 'खोबण', कडेची ती 'खाच'. सुतारकामात खोबण लांब चालत जाते, खाच एका जागी असते. निदान आमच्या घरी तरी हाच फरक होता.

निर्मळ मराठी
म्हणजे जर्मन माणसाला कागदावर स्वभाषा चालते, मराठी माणसाला नाही. नोंद घेतली.

तेलकट बाही
कणीसताई, धन्यवाद. खोबण आणि खाच घेतले. आता क्लिपची फट राहिली. ती वर किंवा खाली ठेवायची, आडवी नाही. पिस्टनला वर-खाली हिसके बसतात. फट आडवी असली की तार त्या हिसक्यांनी दबून खोबणीतून निसटू शकते. पण 'फट वर ठेवा' लिहिलं, तर भाचा विचारतो, "कशाची फट?"

उद्यमनगर
तोंड म्हणा. 'लॉकचं तोंड वर करून मारा.' एवढं सोपं.

तेलकट बाही
तेच करणार होतो. पण त्याच्या वरची ओळ आहे, 'क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा', नाहीतर उडालेली क्लिप थेट खाली इंजिनच्या पोटात जाते. भिंतीवर लागोपाठ दोन तोंडं नकोत.

अर्धा कप
'मारा' हे क्रियापद मला अजूनही पटलेलं नाही. लॉक नोज प्लायरने दाबून बसतं. मारतात ते खिळे. मग बसवा, लावा की घाला, हा प्रश्न उरतोच.

उद्यमनगर
बोअर पण मारतातच की. तिथं हातोडा असतो व्हय?

वऱ्हाडी पाना
घाला म्हणजे अंगात घालाचं. लावा.

निर्मळ मराठी
'स्थापित करा.'

वऱ्हाडी पाना
गणपती आहे का तो?

तेलकट बाही
मंडळी, क्लिपची फट. एक शब्द. ब्लॉक अजून टेबलावरच पडलाय.

नवा सभासद
धागा आत्ताच वाचला. आरएक्स कुठल्या सालची आहे? कागदपत्रं असतील आणि द्यायची असेल, तर कळवा.