सेल आणि कुपनांपायी खर्च वाढत चाललाय, हात कसा आवरायचा?

नवी_नोंदवही

गेल्या रविवारी कपाट आवरायला घेतलं आणि मधेच खाली बसले. वरच्या खणात सहा टॉवेलांचा संच सापडला, प्लास्टिकसुद्धा न फाडलेला. घेतला तेव्हा घरात टॉवेलांची अजिबात चणचण नव्हती. तो कसा आला ते मला चांगलं आठवतंय. हवे होते फक्त उशीचे अभ्रे, पण मोफत घरपोचसाठी बिल जरा कमी पडत होतं. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी होती, पाऊण भरलेली, आणि खाली लिहिलेलं, 'अजून थोडंच!' ती पट्टी पूर्ण व्हावी म्हणून टॉवेल घेतले. वाचलेल्या डिलिव्हरी चार्जच्या सहापट त्यांची किंमत होती.

मग गेल्या बारा महिन्यांच्या सगळ्या ऑर्डरी वहीत उतरवल्या. एकूण ४३. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहिला: सेल नसता तर हे आत्ता घेतलं असतं का? 'हो' फक्त १७ ठिकाणी आलं. उरलेल्या २६ पैकी ९ वस्तूंची लेबलंही काढलेली नाहीत. बिलांवर 'तुमची बचत' म्हणून जो आकडा छापतात त्याचीही बेरीज केली. ती माझ्या एका पगाराहून जास्त भरली. बचत खात्यात मात्र वर्षभरात काही भर पडलेली नाही.

मी उधळ्या स्वभावाची नाही. चार ठिकाणी भाव बघूनच घेते, म्हणून तर हे मनाला फार लागलं. कुपन आज रात्री संपतंय असं दिसलं की जीव खालीवर होतो. नाही घेतलं तर आपल्याच पदरचं काहीतरी गेलं असं वाटतं. आत्ताही कार्टमध्ये एक टेबललॅम्प पडून आहे, उद्या रात्रीपर्यंत ४० टक्के सूट. सेलकडे पाठच फिरवणं मला जमणार नाही, मुलांचे बूट आणि घरातली मोठी यंत्रं सेलमध्येच घ्यावी लागतात. ज्यांना यातून बाहेर पडता आलं त्यांनी नेमकं काय केलं, सांगाल का?

लेबलवाला

ताई, मी सहा वर्षं एका मोठ्या दुकानात किमतीची लेबलं बदलायचं काम केलं. सेलच्या आदल्या रात्री आम्ही चारजण थांबायचो. नव्या लेबलावर वर काट मारलेली किंमत, खाली लाल रंगात सेलची. काही वस्तूंवरची ती काट मारलेली किंमत मी आधी कधीच लावलेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक असायचं, कारण लावणारा मीच होतो. ते काम सोडण्याचं हेही एक कारण.

म्हणून काट मारलेल्या आकड्याकडे बघूच नका. तो खोडला तरी डोळ्यांत राहतोच आणि खालचा आकडा त्याच्या मानाने स्वस्त वाटतो. युरोपीय संघाने तर यावर नियमच केला. २८ मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करायची तर साधारणपणे आधीच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते.

बिलामागे छापलेल्या कुपनचंही सांगतो. आमच्याकडे ते लगेच चालायचं नाही, दहा दिवसांनी सुरू व्हायचं आणि पंधरा दिवसांत संपायचं. गिऱ्हाइकाने त्याच महिन्यात पुन्हा पायरी चढावी, एवढ्यासाठीच ती आखणी होती. आणि मोफत घरपोचची मर्यादा तुम्हाला थोडक्यात हुकली हा योगायोग नाही. लोकांचं सरासरी बिल किती होतं ते बघून, त्याच्या जरा वरच ती ठेवतात.

वर्गाबाहेर

मी अर्थशास्त्र शिकवते. तुमची हिरवी पट्टी वाचून एक प्रयोग आठवला. जोसेफ न्यून्स आणि झेवियर द्रेझ यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. गाड्या धुण्याच्या केंद्रावर ३०० गिऱ्हाइकांना कार्डं दिली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामे चौकोन होते. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्का मारलेला. म्हणजे दोघांनाही आठ वेळाच यायचं होतं. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्के. सुरुवात झालेली दिसली की माणसाला ते अर्धवट टाकवत नाही. तुमची पट्टी पाऊण भरलेली दाखवतात ती त्यासाठीच.

दुसरं, रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की खरेदीत दोन वेगवेगळे आनंद असतात: एक वस्तूचा, दुसरा सौदा चांगला झाल्याचा. वस्तू नको असली तरी दुसरा आनंद मिळतोच. अमेरिकेत जेसी पेनी या दुकानांनी २०१२ मध्ये कुपनं आणि सततचे सेल बंद करून रोजच कमी किमती ठेवल्या. त्या एका वर्षात त्यांची विक्री जवळजवळ चौथाईने घसरली. एप्रिल २०१३ मध्ये प्रमुख रॉन जॉन्सन यांना जावं लागलं आणि कुपनं परत आली. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका, ही ओढ भल्याभल्यांना आहे.

आकडेमोडीचं एक सांगून थांबते. '५० टक्के आणि वर २० टक्के' म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के. 'तीनवर एक मोफत' म्हणजे चारही लागणार असतील तरच २५ टक्के सूट. एकच हवी असेल तर तिप्पट खर्च.

चौघांचं_घर

कुपनांना सरसकट नावं ठेवू नका ही विनंती. दोन वर्षं आमच्याकडे एकाच्याच पगारावर घर चाललं, तेव्हा महिना निभावला तो कुपनांवर. फरक एवढाच की यादी आधी, कुपन नंतर. स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटवलेला आहे. काही मोडलं, संपत आलं की त्यावर वस्तू, तारीख आणि त्या दिवशीचा भाव लिहायचा. सेल लागला की तो कागद घेऊन बसायचं. कागदावर नाही ते घ्यायचं नाही. भाव लिहिलेला असल्यामुळे कुठली किंमत आधी फुगवून मग उतरवली तेही लगेच कळतं. मागच्या सेलमध्ये यादीतल्या पाचपैकी दोनच वस्तू खरोखर स्वस्त निघाल्या.

आणि कार्डाचा नंबर ॲपमध्ये साठवू नका. दर वेळी उठून पाकीट आणावं लागलं की मधे विचार करायला वेळ मिळतो.

नवी_नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड काढून टाकलं, कागदही चिकटवला. पहिलीच नोंद बुटांची, मधल्या मुलाचा अंगठा टेकायला लागलाय.

लॅम्प घेतला नाही. काल रात्री पावणेबाराला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपले. आज सकाळी संदेश आला: 'खास तुमच्यासाठी मुदत दोन दिवसांनी वाढवली आहे.'

लेबलवाला

परवाही येईल. संदेश बंद करून टाका.