पानावरची पानं आणि पानांची पानं

अर्धविराम
घरी छापून, कापून खेळायच्या फुकट खेळांचा नाद आहे, आणि सध्या त्यातल्या एकाचे नियम मराठीत करतोय. खेळ म्हणण्यापेक्षा तो पत्त्यांचा वेगळाच कॅट आहे, डेकटेट. पी. डी. मॅग्नस यांनी २००८ मध्ये केलेला. पीडीएफ फुकट मिळते. ३६ पत्ते, आणि चारऐवजी सहा चिन्हं: चंद्र, सूर्य, लाटा, पानं, गाठी आणि 'वर्म' नावाचा नागासारखा प्राणी. २ ते ९ आकड्यांच्या प्रत्येक पत्त्यावर दोन-दोन चिन्हं, एक्के आणि मुकुट मात्र एकेकाच चिन्हाचे. या कॅटवर बरेच खेळ बेतलेले आहेत. एकट्याने खेळायचा 'अडॅमन' आणि दोघांचा 'मॅग्नेट' हे माझ्या आवडीचे.

आता अडलंय ते सांगतो. ए४ कागदावर ६३ × ८८ मिमीचे नऊ पत्ते बसतात, म्हणून ३६ पत्त्यांना चार कागद. मी लिहिलं, "पान २ ते ५ वरची पानं कापून घ्या, पिसा आणि पानांची पानं वेगळी काढा." पहिलं पान पीडीएफचं, दुसरं पत्त्याचं, तिसरं झाडाचं. मसुदा तपासणाऱ्या मैत्रिणीला 'पानांची पानं' ही टंकनातली चूक वाटली. तिने पहिला शब्द खोडला. उरलं, "पानं वेगळी काढा". सगळीच? आणि कशापासून?

सगळीकडे 'पत्ता' करू का? पण आम्ही खेळतो ते पत्ते आणि हातात असतं ते पान. "एक पत्ता टाक" हे माझ्या कानाला हिंदी लागतं. तुमच्याकडे काय म्हणतात?

बिनपगारी
पृष्ठ, पत्ता, पर्ण. पुढचा प्रश्न?

टाकबोरू
पृष्ठ मान्य. 'पत्ता' अमान्य. मराठीत पत्ता म्हणजे ठावठिकाणा. खेळातलं ते पान. ज्या भाषेत "पान उतरणे", "पान पडणे" आहे तिला 'पत्ता' उसना घ्यायचं काय अडलंय?

खारूताई
टाकबोरूकाका, मग 'पत्ते' कुठून आले? "चला, पानं खेळू या" असं तुम्ही कधी म्हणालात का?

आमच्या घरी याची वाटणी अगदी पक्की होती. खेळाचं नाव पत्ते, कॅट पत्त्यांचा, पिसायचे ते पत्ते. वाटायची मात्र पानं, लावायची पानं आणि टाकायचं पान. आजी "पत्ते पिस आणि पानं वाट" असं एका दमात म्हणायची. एकत्र असले की पत्ते, सुटं झालं की पान. अर्धविराम, तुमच्या वाक्यात आधी "पत्ते कापून घ्या, पिसा" येऊ द्या, म्हणजे तिढा निम्मा सुटेल.

कोशकीटक
खारूताईंचं निरीक्षण छान आहे, पण व्युत्पत्तीने पाहिलं तर भांडण भावाभावांचं आहे. पर्ण, पण्ण, पान. पत्र, पत्त, पत्ता. दोघांचाही उगम झाडावरच. बिनपगारींच्या तोडग्यात तर आजोबा (पर्ण) आणि नातू (पान) एकाच वाक्यात आलेत.

आणि हा गोंधळ काही मराठीचा एकटीचा नाही. जर्मनमध्ये 'ब्लाट' म्हणजे झाडाचं पान, कागदाचा ताव, आणि पत्त्यांच्या खेळात हातात आलेली सगळी पानंसुद्धा. वर त्यांच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची चिन्हं आहेत बदाम, घंटा, ओकची फळं आणि चौथं चिन्ह झाडाचं पान! म्हणजे डेकटेटचा घोळ त्यांच्याकडे आधीपासून आहे. फक्त त्या चिन्हाला ते 'लाउब'ही म्हणतात, म्हणजे साधारण पालवी. तुम्हीही 'पालवी' करा. चंद्र, सूर्य, लाटा, पालवी, गाठी. कानालाही बरं लागतं.

अर्धविराम
पालवी! उचलला. "पालवीची पानं" मात्र अजूनही झाडच वाटतं.

गणिती
तुम्ही सगळे पानात अडकलात. त्या वाक्यातला घातकी शब्द 'कापा' आहे. पत्ते खेळणाऱ्याला 'कापणे'चे तीन अर्थ ठाऊक असतात. पिसून झाल्यावर दुसऱ्याने कॅट कापायचा, हुकमाने समोरचं पान कापायचं आणि आता हे कात्रीने कापायचं. नियमपत्रकात पुढे कुठे हुकूम असेल तर "मुकुटाने पान कापा" असंही येणार. एखादा खरंच कात्री घेऊन बसायचा.

बिनपगारी
निदान त्या डावात वाद होणार नाही.

टाकबोरू
म्हणून 'कातरणे'. नेमका शब्द आहे. "पानं कातरून घ्या."

गणिती
कातरायला कात्री लागते, आणि कात्रीने पत्ते सरळ निघत नाहीत. स्टीलची पट्टी आणि कटर घ्या, खाली कापायची मॅट. कडेच्या मोकळ्या समासात कापायच्या खुणा असतात, तो समास आधी उडवू नका. बरेच जण तेच करतात आणि मग आतल्या रेघा अंदाजाने मारत बसतात. आधी आतल्या सगळ्या उभ्या आडव्या रेघा खुणेपासून खुणेपर्यंत, बाहेरची चौकट सगळ्यात शेवटी. आणि छापताना 'कागदावर मावेल तसं' हा पर्याय बंद, माप १०० टक्के. नाहीतर ६३ चे ६० मिमी होतात आणि पत्ते स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्यावर चढवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, खुळखुळतात. पहिला कागद निघाला की पट्टीने एक पत्ता मोजायचा, मगच बाकीचे छापायचे.

याला 'कातरणे' म्हणणार? 'कापणे'च. अर्थ संदर्भाने कळतो.

टाकबोरू
चार प्रतिसादांपूर्वी तुम्हीच त्याला घातकी म्हणालात.

गणिती
घातकी आहेच. पर्याय त्याहून वाईट आहे.

धाकटी_पाती
स्लीव्हला काय म्हणता मंडळी? मी साध्या ८० जीएसएमच्या कागदावर छापते आणि स्लीव्हमध्ये मागे जुन्या कॅटमधलं एक पान सरकवते. जाड कागद नको, पाठीमागची छपाई जुळवायची कटकट नको, आणि पिसताना खऱ्या पत्त्यांसारखं वाटतं. पण हे मराठीत सांगताना "बाहीत पान सरकवा" असं लिहिलं आणि भाऊ म्हणाला, हे तर पत्त्यात फसवायचं शिकवतेयस!

खारूताई
😂 खोळ म्हणा. उशीची असते तशी पत्त्याची.

कोशकीटक
'गवसणी' हा सुरेख शब्द अडगळीत पडलाय. तंबोऱ्याला असते ती. मापात बसणारी, काढता-घालता येणारी.

बिनपगारी
"५० गवसण्यांचं पाकीट." मला आकाशाला घालायची तेवढीच माहीत होती.

टाकबोरू
खोळ. गवसणी वस्तू झाकते, हिच्यातून पान दिसायला हवं.

धाकटी_पाती
मग खोळीतून उशी दिसते का, काका?

अर्धविराम
पुढचं वाक्य आणखी वाईट आहे. मूळ नियम म्हणतो की हातात पाचपेक्षा जास्त पानं ठेवता येत नाहीत. शीर्षकात मी "हाताची मर्यादा: पाच" लिहिलं, तर मसुदा तपासणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "पाच हात झाले की डाव संपतो का?"

खारूताई
बरोबरच विचारलं की! 'पाच-तीन-दोन' खेळलेला कुठलाही माणूस तेच विचारेल. पाच हात करायचे, तीन करायचे, दोन करायचे. हात म्हणजे प्रत्येकाचं एकेक पान पडून जो जिंकला त्याने उचललेला तो गठ्ठा. हात होतो, हात करतात, हात जातो. वाट्याला आलेल्या पानांना 'हात' म्हणणं हे इंग्रजीतून आलंय, आणि ते आलं की जुना अर्थ मोडतो. 'हातातली पानं' हे दोन शब्द लिहायला कंटाळू नका.

गणिती
असहमत. आता अर्ध्याहून जास्त नव्या खेळांत हात करायचा प्रकारच नसतो. "माझा हात चांगला आहे" सगळ्यांना कळतं. शब्द रिकामा पडलाय, वापरायला काय हरकत?

खारूताई
तुमच्याकडे रिकामा असेल. आमच्याकडे रोज भरतो.

टाकबोरू
मुळात तुम्ही या सगळ्या प्रकाराला मराठीत काय म्हणता? 'प्रिंट अँड प्ले' असंच? मी 'मुद्रणक्रीडा' सुचवतो.

बिनपगारी
ऑलिंपिकमध्ये आहे का?

धाकटी_पाती
आम्ही नुसतं पीएनपी म्हणतो. 'छापा आणि खेळा' करून पाहिलं होतं, पण ऐकणाऱ्याला छापा-काटा आठवतो, नाहीतर छापा पडल्यासारखं वाटतं. 'घरछाप खेळ' कसं वाटतं?

गणिती
'घरछाप' आवडला. पण त्यात छापण्यालाच मान मिळतो. छापायला दोन मिनिटं, कापायला संध्याकाळ. आणि नवशिक्याला थेट ३६ पत्त्यांत कशाला ढकलायचं? नऊ पत्त्यांपासून सुरुवात करावी. नऊ म्हणजे बरोबर एक कागद. म्हणून तर नऊ पत्त्यांच्या खेळांच्या स्पर्धा होतात. 'अंडर फॉलिंग स्काइज' हा तोमाश उह्लिर्झ यांचा खेळ २०१९ मध्ये अशाच स्पर्धेसाठी नऊ पत्त्यांत केलेला होता. पुढच्या वर्षी तो पेटीत, जाड पुठ्ठ्याच्या पटासह बाजारात आला. नऊ पत्त्यांचा अवतार मला अजून जास्त आवडतो, कारण त्यात एकही गोष्ट फालतू नाही. तेवढंही कापायचं नसेल तर 'युटोपिया इंजिन' छापा. दोन फासे, एक पेन्सिल आणि कागद. कात्रीला हात लावायचा नाही. एकट्यासाठी फुकट खेळांत याच्याइतका भरलेला दुसरा मी पाहिला नाही.

अर्धविराम
युटोपिया इंजिन छान आहेच, पण माझा प्रश्न

कोशकीटक
मध्येच तोंड घालतो. चिन्हांचा विषय निघालाच आहे तर किलवर आणि इस्पिक यांचं काय? डच भाषेत 'क्लावर' म्हणजे तिपानी गवत, आणि किलवरच्या पानावर चित्रही तेच. मला किलवर तिथलाच वाटतो. म्हणजे अर्धविराम, तुमच्या नेहमीच्या कॅटमध्येही पानांची पानं आहेतच! इस्पिकसाठी माझा पोर्तुगीज 'एस्पादा'वर संशय आहे. त्याचा अर्थ तलवार.

खारूताई
'एस्पादा'तला 'क' कुठून येणार? फ्रेंचमध्ये इस्पिकाला 'पीक' म्हणतात. आपण शाळेला इस्कूल करतो, स्टेशनला इस्टेशन करतो, तसंच पीकचं इस्पिक.

कोशकीटक
इस्कूलच्या आधी 'स्कूल'मध्ये 'स' होता. 'पीक'मध्ये कुठे आहे? पहिलं अक्षर पोर्तुगीजकडून, शेवटचं फ्रेंचांकडून, असं लग्न लावता येत नाही.

खारूताई
लागलंय की. कॅट उघडून बघा.

टाकबोरू
'कॅट'चंही बघा कुणीतरी. नियमपत्रकात तो शब्द शोभत नाही. पत्त्यांची 'चवड' म्हणा. शिवाय उचलायची चवड आणि टाकायची चवड असा भेदही करता येतो.

अर्धविराम
चवड मला हवाच होता! मूळ नियमांत दोन ढीग आहेत आणि 'ढीग' म्हटलं की विस्कटलेलं वाटतं. चवड नीट रचलेली असते. पण ३६ च्या ३६ पत्त्यांना मी कॅटच म्हणणार. मॅग्नेटला आणखी खुणेचे तुकडे लागतात, त्यांना 'चकत्या' केलंय. आता पान की पत्ता एवढं

गणिती
चकती गोल असते. तुमचे तुकडे गोल आहेत का? फ्रँक चॅडविक यांचा १९८६ चा 'बॅटल फॉर मॉस्को' फुकट मिळतो. युद्धाच्या खेळांत पहिला म्हणून मी तोच सुचवतो. षट्कोनी घरांचा नकाशा, त्यावर सैन्याचे तुकडे. पुठ्ठ्यावर चिकटवून सगळे चौकोनी कापायचे. त्यांना कुणी चकत्या म्हटलं की माझा जीव खालीवर होतो.

धाकटी_पाती
सोंगट्या म्हणा मग.

गणिती
सोंगटी उभी असते. हे सपाट.

टाकबोरू
सोंगटी उभीच असते असं कुणी सांगितलं? कॅरमच्या सोंगट्या काय उभ्या असतात?

बिनपगारी
गोल असतात. म्हणजे त्या चकत्या.

गणिती
कॅरममध्ये त्याला सोंगटी म्हणणं हाच मुळात घोटाळा आहे. सोंगटी पटावरून घराघराने सरकते, तिला टिचकी मारत नाहीत.

खारूताई
लाखो लोक रोज सोंगटीला टिचकी मारतात आणि तुम्ही त्यांना घोटाळा म्हणता! मग राणी घेतल्यावर 'कव्हर' म्हणतात त्याचं काय करायचं तेही सांगून टाका.

टाकबोरू
'पाठराखण'.

बिनपगारी
"राणी घेतली, पण पाठराखण चुकली." घ्या, मी उद्यापासून वापरणार.