जाम म्हणजे पेरू नाही का?

वरूडची लेक
गेल्या महिन्यात आमच्या गावातली पाच जोडपी मिळून थायलंडला जाऊन आलो. बँकॉकच्या ओर तोर कोर बाजारात फिरताना एका फळवालीकडे हिरवागार, माझ्या दोन मुठींएवढा जाम दिसला. मी मोठ्यानं म्हटलं, "अगंबाई, केवढा जाम!" आमच्याच बसमधल्या पुण्याच्या एक काकू लगेच म्हणाल्या, "अहो, तो पेरू. जाम हा." आणि त्यांनी शेजारच्या लाल, घंटेसारख्या फळाकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी जन्मभर जामच म्हणत आले. आमच्या विहिरीवर जामाचं झाड होतं. तिसरीत निबंधात 'जाम' लिहिलं तर बाईंनी खोडून वर लाल शाईनं 'पेरू' लिहिलं, ते अजून आठवतं. आता बचत गटाच्या बैठकीत वाचायला प्रवासाचं टिपण लिहिते आहे आणि याच शब्दावर अडले आहे. काय लिहू? जाम हा मराठी शब्द आहे की नाही?

देवगडकर
ताई, राग मानू नका, पण काकू बरोबर होत्या. आमच्या परड्यात जामाचं झाड आहे. फळ पाणीदार, कुरकुरीत, गुलाबाचा मंद वास. पेरूला कोकणात कोणी जाम म्हणणार नाही. एकाच भाषेत एका शब्दाची दोन फळं कशी चालतील?

मोर्शीचा भाऊ
काऊन नाई चालनार? आमाले जाम म्हनजे जामच. तिखट-मीठ लावून खातो तो. तुमचं ते लाल फळ आमी आयुष्यात पाह्यलं नाई, त त्याच्यासाठी आमचा शब्द काऊन सोडाचा?

सिरोंचा
आमच्याकडे गोदावरी ओलांडली की तेलुगू. तेलुगूत पेरूला जामच म्हणतात, जामकाया, जामपंडू. गुजरातीत जामफळ. माळव्यात जाम, छत्तीसगडमध्येही जाम. नकाशावर बघा, विदर्भाभोवती जामाचाच पट्टा आहे. हा शब्द गावंढळ म्हणून खोडणाऱ्या बाईंना हे कोणी सांगितलं नसावं.

शुद्धलेखन
शेजारच्या चार भाषांत आहे म्हणून तो मराठी होत नाही. प्रत्येक जिल्ह्यानं आपापला शब्द लिहायचा ठरवला तर वाचणाऱ्यानं काय करायचं? बोलताना जाम म्हणा, लिहिताना पेरू. प्रमाणभाषा त्यासाठीच असते.

वरूडची लेक
पण दादा, पेरू तरी कुठला आपला? ते झाडच पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलं. त्यांच्या भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात, त्याचा पेरू झाला असं सांगतात. म्हणजे परक्यांनी दिलेलं नाव शुद्ध आणि आपल्या माणसांनी दिलेलं अशुद्ध?
थाई लोकांनी तर सरळच केलं आहे. फळवालीला नाव विचारलं, ती म्हणाली 'फरांग'. थाईत गोऱ्या परदेशी माणसालाही फरांगच म्हणतात, हे गाइडनं सांगितलं. बाहेरून आलं, म्हणून फरांग. शेजारच्या लाल फळाचं नाव मात्र 'चोम्फू'.

क्वालालंपूरहून
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या बाजारात आहे. मूळचा मी यवतमाळचा, सात वर्षं इथे आहे. मलय भाषेत दोन्ही फळं 'जांबू' आहेत. लाल, पाणीदार ते 'जांबू आयर', म्हणजे पाण्याचा जांबू. पेरू तो 'जांबू बातू', म्हणजे दगडी जांबू. आणि हा जांबू आपल्या संस्कृत जम्बूचाच. थाई चोम्फूही त्यातलाच, त्याच शब्दानं तिथे गुलाबी रंगही सांगतात. एका जुन्या नावाखाली दोन फळं आली, कुठे एकाला चिकटलं, कुठे दुसऱ्याला. कोकणानं लाल धरलं, विदर्भानं हिरवं.

देवगडकर
हे पटण्यासारखं आहे. तरी विदर्भातला जाम थेट जम्बूवरून आला की तेलुगूतून, हे कशावरून ठरवणार?

सिरोंचा
तेलुगूतूनच. आमच्या बाजारात आंध्रचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या येतात.

मोर्शीचा भाऊ
वरूड-मोर्शीले कोनते आंध्रचे व्यापारी, बाप्पा? आमचा वेव्हार नागपूर-अमरावतीशी. हिंदीतून आला असंल.
आनि सायेब, प्रमाण प्रमाण म्हनता त संत्र्याचं सांगा. जिथं पिकतो तिथं सारे 'तो संत्रा' म्हनतात. पुस्तकात 'ते संत्रं'. पिकवनाऱ्याचं लिंग चुकीचं आनि खानाऱ्याचं बरोबर?

शुद्धलेखन
कोशात नपुंसकलिंगी आहे. तो शब्दही पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आलेला.

क्वालालंपूरहून
सिंत्राची गोष्ट मला कधीच पटली नाही. बाबरनाम्यात 'संगतरा' आहे. फारसी वाटेनं आला म्हणा.

वरूडची लेक
संत्र्याचं निघालंच आहे तर, थायलंडातला संत्रा बाहेरून हिरवा असतो. नाव 'सोम खियाव वान'. खियाव म्हणजे हिरवा, वान म्हणजे गोड. आमचे हे म्हणाले, हा अजून कच्चा आहे, घेऊ नको. फळवालीनं तिथल्या तिथे सोलून एक फोड हातावर ठेवली आणि म्हणाली, "चिम, चिम." म्हणजे चाखा. साखरेसारखी. आंबिया बहराचा संत्रा रंगावर विकणारा माणूस माझा नवरा, तो ती फोड खाऊन पाच मिनिटं काही बोलला नाही. मग दोन किलो घेतले.
तर आणखी एक अडलं आहे. त्या चाखायला दिलेल्या फोडीला काय म्हणायचं? मी टिपणात 'वानोळा' लिहिलं होतं, आमच्या सासूबाई म्हणाल्या चुकलं.

देवगडकर
वानगी.

मोर्शीचा भाऊ
वानगी कापसाची, अडत्याले दाखवाची. खाऊन पाहाले देल्लं ते वानगी नाई होत. त्याले चव म्हना.

परतवाडा
सासूबाई बरोबर आहेत. वानोळा घरी पाठवतात. माझी आजी पहिल्या तोडीच्या हरभऱ्याचा वानोळा चार घरी दिल्याशिवाय घरात दाणा शिजू देत नव्हती. त्यात विक्री नाही. संक्रांतीचं वाण आणि वानोळा एकाच मुळाचे, असं मला वाटतं. बाजारातल्या बाईची फोड विकण्यासाठी असते, तिला वानोळा म्हटलं तर त्या शब्दाचा जीव जातो.

शुद्धलेखन
वाण म्हणजे प्रकारही होतो. बियाण्याचं वाण. ते वर्णावरून. वानगीही वर्णिकेवरून. त्यामुळे वानगीच.

परतवाडा
वाण वेगळा आणि वाण वेगळं. एक वायनावरून, एक वर्णावरून. तुम्ही दोन्ही एका दावणीला बांधता आहात.

वरूडची लेक
पण त्या बाईनं निघताना दोन जाम फुकट पिशवीत घातले, पैसे घेतलेच नाहीत. त्याला तरी वानोळा म्हणता येईल ना?

परतवाडा
ते दोन म्हणजे वानोळाच, ताई. लिहा तसं.

देवगडकर
पेरू.